दक्षिणेत मागितलेला पूर

“मग मधली सगळी वर्षं तू केलंस काय, रंगा?”

लतीफबाबांनी हे इतक्या सहज विचारलं, की रंगरावांना आधी प्रश्न नीट कळलाच नाही.

ते नुकतेच म्हणाले होते, “बाबा, तिशीत जे करत होतो ते सगळं आज सत्तरीतही करतो. तसूभर फरक नाही.” आणि शाबासकीची वाट बघत थांबले होते.

शाबासकी आली नाही. हा प्रश्न आला.

रंगराव घाटगे म्हणजे निंबघाटच्या शाळेतले ड्रिलमास्तर. नोकरी संपून बरीच वर्षं झाली होती, पण पाठ अजून फळीसारखी सरळ होती. चालायला लागले की रस्त्यावरची माणसं आपोआप बाजूला होत. गावात त्यांना कुणी ‘आजोबा’ म्हणत नसे. एकदा एका नव्या कंडक्टरने म्हटलं होतं. त्याच्या हातचं तिकीट न घेता मास्तर एसटीतून उतरले आणि तालुक्यापर्यंत पायी गेले.

लतीफबाबा हे त्यांचे पोहण्यातले गुरू. नव्वदीच्या घरातला फकीर माणूस. घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर पिराचा चौथरा, त्याच्या शेजारी बाबांची खोली. वाळक्या भोपळ्यांची सांगड पाठीला बांधून त्यांनी अर्ध्या गावाला नदीत सोडलं होतं. रंगरावांनाही. आता किती तरी वर्षं बाबा पाण्यात उतरले नव्हते. दिवसभर त्या वरच्या पायरीवर बसलेले असत. गेल्या थंडीपासून तर त्यांचा आवाजही बसला होता. बोलले तर कुजबुजल्यासारखं बोलत. ऐकणाऱ्याला वाकावं लागे.

रंगराव वाकून ऐकत होते, आणि वाकणं त्यांना आवडत नव्हतं.

“काय केलं म्हणजे?” ते म्हणाले. “टिकवलं. जे होतं ते टिकवलं. कमी काम आहे का ते?”

“नाही. फार काम आहे.”

“मग?”

बाबा नदीकडे बघत राहिले. श्रावणाचा पहिला आठवडा होता. वारणा दुथडी भरली होती, गढूळ, फुगलेली. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

“म्हातारपण म्हणजे तुला काय वाटतं, रंगा?”

“उतार.” उत्तर तयारच होतं. “हातातली एकेक गोष्ट सुटत जाते. आधी दात, मग गुडघे, मग माणसं. मी सुटू देत नाही. घट्ट धरून ठेवतो.”

“मूठ दुखत नाही?”

रंगराव हसले नाहीत.

“आणि राग मानू नका, बाबा,” ते म्हणाले, “पण तुम्हाला असं बसलेलं मला बघवत नाही. केवढा पोहणारा माणूस. पावसाळ्यात ही नदी तुमच्या नावानं ओळखायचे लोक. आणि आता दिवसभर पायरीवर बसून…”

“बसलेला दिसतो मी?”

“मग काय करता?”

लांब पाण्यात काहीतरी काळं तरंगत चाललं होतं. ते वळणाआड जाईपर्यंत बाबा बघत होते. जवळचं त्यांना दिसत नसे. समोर धरलेला चहाचा कप चाचपडत घेत. लांबचं मात्र दिसे.

रंगराव ज्यासाठी आले होते ते अजून बोलायचंच होतं.

निंबघाटला एक रीत आहे. श्रावणात नदी भरली की गावातला एक पोहणारा मानाचा नारळ घेऊन एकट्यानं नदी पार करतो आणि पलीकडच्या काठावरच्या जाखाईदेवीच्या पायरीवर तो ठेवतो. तो पोचला की मगच बाकीचे उड्या टाकतात. हा मान रंगरावांचा होता. तिशीच्या आधीपासून. मधे दोन सरपंच गेले, शाळा पत्र्याची होती ती सिमेंटची झाली, नदीवर पूल आला, पण नारळ रंगरावांच्याच हातात राहिला.

यंदा गावातले चार जण घरी आले. चहा घेतला. इकडचं तिकडचं बोलले. मग त्यातला एक जण म्हणाला, “मास्तर, यंदा वैजूला जाऊ दे म्हणतो आम्ही.”

वैजयंता मगदूम. पोलिसात होती. शाळेत असताना रंगरावांनीच तिला पाण्यात घातलं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांमध्ये तिच्यासारखं पाणी कापणारं दुसरं कुणी नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं, आणि म्हणून जास्तच लागलं.

“तुम्ही आशीर्वाद द्या,” रंगराव बाबांना म्हणाले. “तुम्ही हो म्हणालात की गावात कुणाची छाती नाही नको म्हणायची. परवा मीच उतरणार.”

बाबा नदीकडेच बघत होते.

“बाबा?”

“तुझी दक्षिणा राहिलीय, रंगा.”

रंगरावांचा चेहरा उजळला. कितीदा तरी त्यांनी विचारलं होतं. तरणे होते तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, लग्न झालं तेव्हा. दर वेळी बाबा म्हणत, बघू पुढे. शिष्याकडे काही मागावं असं गुरूला वाटलं, यात रंगरावांना मोठा मान वाटला.

“मागा,” ते म्हणाले. “काय वाटेल ते मागा.”

“विचार करून बोल.”

“विचार कसला? रंगा तुम्हाला नाही म्हणायचा नाही. शब्द दिला.”

बाबांनी मान हलवली.

“हा पूर दे मला.”

“म्हणजे?”

“नारळ वैजूला दे. तू इथं बस. माझ्याजवळ.”

खाली नदीचा एकसारखा आवाज येत होता.

“म्हणजे मी म्हातारा झालो, हे सगळ्या गावासमोर सांगायचं?”

“सांगायला कशाला पाहिजे. बसलास की दिसेलच.”

“हा अपमान आहे, बाबा.”

“बढती आहे.”

रंगराव उठले. उठताना गुडघ्यावर हात ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम होता. तो त्यांनी आताही पाळला. मात्र बाबांच्या पायाला हात लावायचा राहिला. घाट मागे पडल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. मागे फिरले नाहीत.

घरी गेल्यावर त्यांनी सदरा काढला आणि आरशासमोर उभे राहिले. छाती अजून भरदार होती. खांदे होते. दंड होते. त्यांनी श्वास भरून घेतला आणि धरून ठेवला, डोळ्यांसमोर अंधारी येईपर्यंत. मग सोडला.

या अंगाला म्हातारं कोण म्हणतं?

शब्द मोडावा, असं त्यांच्या मनात आलं. फकिराला काय, तो नदीकडे बघत बसलेला असतो, नारळ कुणी नेला हे त्याच्या लक्षातही यायचं नाही. पण दिलेला शब्द मोडणारा रंगराव घाटगे त्यांना त्या आरशात दिसेना. अभिमान असा दोन्हीकडून आडवा आला.

नारळाच्या दिवशी सकाळी ते लंगोट कसून, वर पंचा गुंडाळून घाटावर गेले. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं.

घाट माणसांनी फुलला होता. हलगी वाजत होती. बायकांनी नदीची ओटी भरली. गुरवानं मानाचा नारळ आणून मास्तरांच्या हातात दिला, नेहमीसारखा, न विचारता. रंगराव पाण्यापर्यंत उतरले. पाणी घोट्यांना लागलं. नदीनं पाय ओढून बघितले. ती ओढ त्यांच्या ओळखीची होती. एका उडीचं काम होतं.

त्यांनी वळून वर बघितलं.

बाबा त्यांच्याकडे बघत नव्हते. सगळा गाव मास्तरांकडे बघत होता आणि बाबा एकटे नदीकडे बघत होते. हा उडी टाकतो की शब्द पाळतो, याची त्यांना जराही काळजी दिसत नव्हती.

त्या न बघण्यानंच रंगराव अडले. शिष्याच्या शब्दावर पहारा ठेवावा, असं गुरूला वाटलंच नव्हतं.

“वैजू,” त्यांनी हाक मारली.

वैजू बाकीच्या पोहणाऱ्यांत उभी होती. पुढे आली.

“धर.”

“मास्तर…”

“धर म्हणतो ना. मधल्या धारेत उगाच हातघाई करू नकोस. आणि देवीच्या पायरीला आधी हात लाव, मग नारळ ठेव.”

तिनं त्यांच्या पायांना हात लावला. हलगी थांबली होती. त्या शांततेत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “थकले बरं का मास्तर.” हळू म्हणालं, पण पाण्याकाठी आवाज लांबवर जातो.

रंगराव मान ताठ ठेवून पायऱ्या चढले. पुरात उलट्या धारेनं पोहतानाही त्यांना एवढा जोर लावावा लागला नव्हता. वर गेले आणि लतीफबाबांच्या शेजारी बसले. सगळ्या गावानं बघितलं.

“बसलो,” ते म्हणाले.

“बघ,” बाबा म्हणाले.

“काय बघू?”

बाबांनी नुसती हनुवटी नदीकडे केली.

वैजूनं नारळ कमरेला बांधला आणि उडी घेतली. घाट ओरडला. हलगी पुन्हा सुरू झाली. रंगराव तिचे हात बघत होते. डावा चांगला पडतोय. उजवा थोडा आखूड. हे आपण तिला शाळेपासून सांगतोय…

“तिला नको बघू,” बाबा कुजबुजले. “नदी बघ.”

रंगरावांनी नजर वर उचलली.

आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वारणेचा पूर बघितला.

इतकी वर्षं ते त्यात होते. पाण्यातल्या माणसाला समोरची एक लाट दिसते, फार तर दुसरी. वरून सगळी नदी दिसत होती. मधली जाड धार, पुलाच्या खांबांना आपटून वाकडी झालेली. तिच्या अलीकडे संथ वाटणारं पाणी. तिथे एक भोवरा, जो जागा सोडून हळूहळू सरकत होता. आपण दर वर्षी याच्यातून गेलो, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात बाबांनी त्यांचं मनगट धरलं. वाळक्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नसतं.

“पुलाखाली.”

पुलाखालून एक बाभळ येत होती. मुळासकट उपटलेली, सगळी पाण्याखाली. वर फक्त एक काटेरी फांदी. ती बुडत होती, पुन्हा वर येत होती. म्हणजे खाली झाड गरगरत होतं. वैजू मधल्या धारेला लागली होती. बाभळही त्याच धारेत होती. दोघी कुठे भेटणार ते रंगरावांना दिसलं. घाटावर दुसऱ्या कुणालाच दिसत नव्हतं. लोक हलगीच्या तालावर टाळ्या वाजवत होते.

रंगराव अर्धवट उठले. “वैजू, मागे फीर,” असं ओरडण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

बाबांनी मनगट खाली ओढलं.

“शब्द पोचत नाहीत तिथं. भीती पोचते. घाबरली की हातपाय मारील.”

“मग काय करू?”

“नाव घे तिचं. नुसतं नाव. कौतुकानं.”

“बाबा, झाड येतंय, आणि कौतुक…”

“माझा आवाज गेला, रंगा.”

बाबांनी हे म्हणताना पहिल्यांदा नदीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. जवळचं त्यांना दिसत नव्हतं. तरी बघितलं.

“अजून नको,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा नदीकडे वळले. “अजून नको…”

रंगरावांनी श्वास भरून घेतला. असा श्वास त्यांनी पाण्यातही कधी भरला नव्हता. स्वतःच्या जिवासाठी माणूस थोडाफार निष्काळजी असतो. हा जीव दुसऱ्याचा होता, आणि हातात काही नव्हतं. ना धार, ना पाणी. एक नाव होतं फक्त. लवकर घेतलं तरी गेली, उशिरा घेतलं तरी गेली. फांदी बुडाली. वर आली. पुन्हा बुडाली. वैजूचा हात उचलला गेला, पडला. त्यांना नदीची चाल छातीत जाणवायला लागली, आणि बाबांचं बोट मनगटावर दाबलं जाण्याच्या आधीच त्यांना कळलं, आता.

“वैजू गंऽऽऽ…”

ड्रिलमास्तरांचा आवाज. शाळेच्या मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा. लांब, चढत गेलेला, शेवटी लाडानं वळलेला. नदी ओलांडून पलीकडच्या देवळापर्यंत गेला असेल.

मधल्या धारेत वैजूनं ऐकलं. ती थांबली. पाण्यातून डोकं वर काढून तिनं घाटाकडे तोंड केलं, आणि हसून एक हात उंच केला.

तेवढाच काय तो वेळ. हात वर असताना पोहता येत नाही. धारेनं तिला उचललं आणि कडेला सारत खाली नेलं, भोवऱ्याच्या पुढे. आणि जिथे ती असती तिथून बाभळ गरगरत, काटे वर काढत निघून गेली.

वैजूनं ती बघितलीसुद्धा नाही. हात खाली घेतला, मान पाण्यात घातली आणि पुन्हा सपासप निघाली. थोड्या वेळानं ती देवीच्या पायरीला लागली. नारळ ठेवला. घाट दणाणला. बाकीच्यांनी धडाधड उड्या टाकल्या.

रंगराव बसून होते. त्यांना धाप लागली होती. ती त्यांनी लपवली नाही.

कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं. गावाचे डोळे पलीकडच्या काठावर होते. तरी त्यांच्या छातीत जे भरून आलं होतं तसं एकाही पुरात, एकाही नारळाला आलं नव्हतं. ते कुणाला दाखवायचं नव्हतं. म्हणून ते सगळंच्या सगळं त्यांचं राहिलं.

मग हळूहळू त्यांना दुसरंच काहीतरी आठवायला लागलं.

महापुराचं साल. मधली धार. कानांत पाणी, डोळ्यांत गाळ, आणि लांबून आलेली हाक, ‘रंगा रेऽऽऽ’. सगळा घाट आपल्या नावानं ओरडतोय असं वाटून त्यांनी ऐटीत हात वर केला होता. नंतर लोक म्हणाले होते, मास्तर, तुमचं नशीब, कुणाच्या तरी घराचं अख्खं आढं तुमच्या पुढून गेलं. त्याच्या आधीच्या साली. त्याच्या नंतरच्या साली. जवळजवळ दर पुरात मधेच कुठेतरी ती हाक यायची. आणि ते दर वेळी थांबून, मान वर काढून, हात उंच करायचे. गावाचं प्रेम आहे, असं म्हणायचे.

फक्त गेल्या काही वर्षांत ती हाक जरा बारीक झाली होती. पावसाचा आवाज वाढला असेल, असं त्यांना वाटलं होतं.

“बाबा…”

“हं.”

“ती हाक…”

बाबा नदीकडे बघत होते. पोहणाऱ्यांची डोकी पाण्यावर विखुरली होती. एकेकावर त्यांची नजर जात होती, थांबत होती, पुढे सरकत होती.

“त्या डावीकडच्या पोराकडे लक्ष ठेव,” ते कुजबुजले. “दमतोय.”

रंगराव सरसावून बसले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. दोघे म्हातारे वरच्या पायरीवर शेजारी शेजारी बसून नदीकडे बघत राहिले, सगळी डोकी काठाला लागेपर्यंत. मग रंगरावांनी वाकून बाबांच्या पायांना हात लावला. परवाचा राहिला होता तो नमस्कार आणि आजचा.

दुपारी वैजू पुलावरून परत आली. अंगावर ओले कपडे, गळ्यात देवीचा हार, मागे अर्धा गाव. ती धावत वरच्या पायरीपाशी आली.

“मास्तर, बघितलंत ना?”

“बघितलं.”

“मधल्या धारेत दम तुटला होता हो माझा. खोटं कशाला सांगू. आणि तेवढ्यात सगळा घाट माझ्या नावानं ओरडला. काय ओरडला. अंगात वारं भरल्यासारखं झालं बघा. मी हात पण केला. दिसला का?”

“दिसला.”

“तुम्हाला पण असंच व्हायचं का?”

रंगरावांनी तोंड उघडलं. सगळा गाव समोर उभा होता. सकाळी ‘थकले’ म्हणणारा माणूसही तिथेच कुठेतरी असणार. एक वाक्य बोलायचा अवकाश होता…

“हो,” ते म्हणाले. “मला पण असंच व्हायचं.”

वैजू समाधानानं हसली. लोकांनी तिला उचलून घेतलं आणि हलगी वाजवत गावाकडे नेलं. घाट रिकामा झाला.

मग वाकून, बाबांच्या कानाशी तोंड नेऊन रंगरावांनी विचारलं, “बाबा, एक दिवस तिला सांगायला नको का, ती हाक कुणाची होती ते?”

“कशाला?” लतीफबाबा म्हणाले. “तिला अजून पोहायचंय.”